आमच्या घरची विजेची सायकल

या अंकासाठी बाईंनी विषय दिला, ‘आमच्या घरात आलेली एक वस्तू’. अट अशी की घरटी एकच लेख, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहायचा. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो आहोत. पेन आईच्या हातात आहे, कारण फोटोकॉपी काढल्यावर फक्त तिचंच अक्षर वाचता येतं. ताई आकडे तपासते आहे. धाकटा बिस्किटं तपासतो आहे. आणि बाबा मधून मधून विचारताहेत, “हे सगळं लिहायलाच हवं का?” लिहायलाच हवं, असं मतदान होऊन ठरलं आहे. तीन विरुद्ध एक. पुण्याहून आजीचं मत फोनवर आलं, ते धरलं तर चार विरुद्ध एक.

आमची वस्तू म्हणजे विजेवर चालणारी सायकल. २०२४ च्या वसंतात बाबांनी ती घेतली. त्यांचं ऑफिस अक्सब्रिजला, आमचं घर रेनर्स लेनजवळ. सहा-सात मैलांचं अंतर. गाडीने गेलं तर सकाळच्या गर्दीत पाऊण तास, आणि गाडी लावायला जागा नाही ती नाहीच. साध्या सायकलने बाबा एकदा गेले होते. पोचल्यावर अर्धा तास ते कुणाशी बोलले नाहीत.

ही सायकल आपोआप पळत नाही, हे आधी सांगायला हवं, कारण भारतातल्या सगळ्या नातेवाइकांना तसंच वाटतं. पायडल मारावंच लागतं. तुम्ही पाय लावलात की मोटर मागून हात लावल्यासारखी ढकलते. लहानपणी सायकल शिकताना मागून कुणीतरी सीट धरून पळायचं ना, तसं. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे मोटर २५० वॉटपर्यंतची हवी आणि ताशी साडेपंधरा मैलांचा वेग झाला की तिने ढकलणं थांबवलं पाहिजे. त्यापुढे जायचं असेल तर आपल्या पायांच्या जोरावर. एवढं पाळलं की लायसन्स लागत नाही, विमा लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. पण मोटर जास्त ताकदीची असली किंवा वेगाची मर्यादा काढून टाकलेली असली, तर कायद्याच्या नजरेत ती सायकल उरत नाही. ती मोटरसायकलच्या जातीत जाते, मग लायसन्स, विमा, नोंदणी सगळं आलं. शाळेच्या फाटकाबाहेर काही मुलं पायडल न मारता भरधाव जाताना दिसतात. त्या सायकली या दुसऱ्या जातीच्या.

आणखी एक अट आहे वयाची. चौदा पूर्ण. ताई पंधरा वर्षांची आहे, धाकटा अकरा. या एका वाक्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी टीव्हीवरूनही झाली नाहीत. धाकट्याचं म्हणणं असं की घरात सायकलचं रीतसर शिक्षण फक्त त्याचंच झालं आहे. शाळेत त्यांना बाइकॅबिलिटीचे धडे देतात. मागे वळून कसं बघायचं, हात कसा दाखवायचा, रस्त्यात कुठे राहायचं, हे त्याला येतं. बाबांना येत नव्हतं. बाबा पुण्यात सायकल शिकले. तिथे हात दाखवायचा तो ओळखीचं कुणी दिसलं तर. म्हणून पहिले दोन रविवार धाकट्याने बाबांना शिकवलं, आणि बाबांनी निमूटपणे ऐकलं. हे दृश्य शेजाऱ्यांनीही बघितलं.

त्यातून आणि नंतरच्या दीड वर्षात आम्ही जे शिकलो ते थोडं सांगतो.

पहिल्याच दिवशी सिग्नलला उभं असताना बाबांनी सवयीने एक पाय पायडलवर टेकवला. मोटरला वाटलं, निघायचं. सायकल पुढच्या गाडीच्या बंपरला जाऊन भिडली. गाडी थांबलेलीच होती, काही मोडलं नाही, फक्त बाबांनी तीन वेळा सॉरी म्हटलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, थांबलं की दोन्ही ब्रेक धरून ठेवायचे. चिंचोळ्या जागेत वळायच्या आधी मोटरचा जोर सगळ्यात खालच्या पायरीवर आणायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती ताईच्या लक्षात आली. चढावर साधी सायकल येताना दिसली की गाडीवाले मनात हिशेब करतात, ही काय, धापा टाकत येईल, तोवर आपण निघून जाऊ. ते गल्लीतून गाडी बाहेर काढतात. पण ही सायकल चढावरही दहा-बारा मैलांच्या वेगाने येत असते! गाडीवाल्याची चूक म्हणावी तर त्याने बघितलेलं असतं. त्याने सायकल बघितली, वेग बघितला नाही. म्हणून गल्लीचं तोंड आलं की आपणच पाय थांबवायचे आणि गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं. पुढचं चाक वळायला लागलं का तेही बघायचं. माणूस बघतो एकीकडे, पण चाक खोटं बोलत नाही.

रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवायचं, म्हणजे साधारण एक मीटर. मागचा गाडीवाला वैतागला तरी चालेल. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या हायवे कोडमध्ये बदल झाले. ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगाने जाताना सायकलला मागे टाकायचं तर निदान दीड मीटर अंतर ठेवा, असं त्यात गाडीवाल्यांना सांगितलं आहे. गाडीत बसलेल्यांनी दार उघडताना दाराजवळच्या हाताऐवजी लांबच्या हाताने उघडावं, हेही त्यात आलं. लांबचा हात वापरला की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. ही सवय आम्ही पाचही जणांनी गाडीत लावून घेतली. आजीला चार दिवस लागले, पण मग ती इतरांना रागवायला लागली.

फुटपाथवर मात्र चालवायची नाही. त्यासाठीचा कायदा १८३५ सालचा आहे. तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, तरी तो आजही लागू आहे. हेल्मेट घालणं कायद्याने सक्तीचं नाही, आमच्या घरात आहे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतोच. आजी म्हणाली, “यात नवीन काय? आमच्या वेळी पुण्यात दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस चाकाची हवा सोडायचा. मग ढकलत घरी.” आजी कॉलेजला सायकलने जायची. चाकाला घासणारा डायनॅमो असायचा, चढावर सायकल मंदावली की दिवाही मंदावायचा. आमच्या सायकलचा दिवा थांबल्यावरही लख्ख राहतो, याचं तिला फार कौतुक.

उताराबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपला शनिवारचा वर्ग आम्हाला हॅरोच्या टेकडीपलीकडे पडतो. ताईला पहिल्यांदा तिकडे सायकल न्यायची होती, तेव्हा बाबांनी तिला आधी पायी ग्रोव्ह हिलवर नेलं. तिथे एक पाटी आहे. २५ फेब्रुवारी १८९९ ला या उतारावर एका मोटरगाडीला अपघात झाला. ब्रेक जोरात लागले, मागचं चाक मोडलं आणि माणसं बाहेर फेकली गेली. चालवणारा तिथेच गेला, बरोबरचे एक गृहस्थ काही दिवसांनी गेले. मोटरगाडी चालवणारा मरण पावल्याची ब्रिटनमधली ती पहिली नोंद, असं पाटी म्हणते. आपल्यापैकी कितीतरी जण त्या भागातून दर शनिवारी जातात, आणि पाटी कुणी वाचलेली नसते. आम्हीही नव्हती वाचली. आमची सायकल बॅटरीसकट चोवीस किलोंची आहे, साध्या सायकलच्या दीडपट तरी. मोटर साडेपंधरा मैलांना थांबते, वजन थांबत नाही. म्हणून वेग वाढायच्या आधीपासून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत उतरायचं. ऑक्टोबरात रस्त्यावर ओली पानं असतात तेव्हा तर फारच हळू.

एवढं सगळं आम्ही रस्त्यासाठी शिकलो. रस्ता दिसतो, त्याची भीती वाटते, म्हणून माणूस शिकतो. घरातल्या बॅटरीची भीती आम्हाला वाटली नाही. आता बाबांना नको असलेला भाग.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरासारखंच आहे, १९३० च्या सुमाराचं. पुढचं दार उघडलं की चिंचोळी बोळासारखी जागा, तिथे कोट अडकवायच्या खुंट्या, खाली चपला, आणि तिथूनच वर झोपायच्या खोल्यांकडे जिना. सायकल मागच्या शेडमध्ये असायची, पण बॅटरी काढून बाबा बोळात आणायचे आणि खुंट्यांखालच्या सॉकेटला लावायचे. रात्री जेवण झालं की लावायची आणि सकाळी निघताना काढायची. मोबाइलसारखं.

२७ फेब्रुवारी २०२५ ला आमच्या रेनर्स लेन स्टेशनात एका ई-सायकलला आग लागली. आमचं स्टेशन, रोजचं! त्यानंतर ३१ मार्चपासून लंडनच्या भुयारी रेल्वेत, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआरवरही ई-सायकल न्यायला बंदी झाली. फक्त घडी होणारी, घडी करून नेता येते. पाऊस आला की बाबा अक्सब्रिजहून सायकल गाडीत घालून परत यायचे, ते बंद झालं. आम्ही बंदीबद्दल खूप बोललो. आगीबद्दल “कुणीतरी घरी जोडलेली असेल” एवढंच बोललो. बॅटरी बोळातच राहिली.

त्या सप्टेंबरात मूळ चार्जर बिघडला. नवा, त्याच कंपनीचा, महाग होता. बाबांनी इंटरनेटवर दुसरा शोधला. किंमत एक चतुर्थांश. पिन बरोब्बर बसली. पिन बसली म्हणजे चार्जर बरोबर, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. बाबा विजेचे इंजिनिअर आहेत. (हे वाक्य काढा, असं ते म्हणताहेत. ठेवलं आहे.)

ऑक्टोबरातल्या एका रात्री दीड वाजता आजी पाणी प्यायला खाली उतरली. तिला तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. बाबांचा जाड कोट खुंटीवरून घसरून चार्जरवर पडला होता. तिने कोट उचलला, चार्जरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बॅटरीही गरम होती, कोमट नाही, गरम. आजीने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग हाक मारली.

आजीला हे कसं सुचलं? तिला काही सुचलं नाही, असं ती म्हणते. घरी गॅस सिलिंडर आला तेव्हापासून झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद केल्याशिवाय ती आडवी झालेली नाही. तिकडे हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो, इकडे बटणाकडे गेला.

बाबा धावत आले. त्यांनी स्वयंपाकघरातले ओव्हनचे हातमोजे घातले, बॅटरी उचलली, घरातून मागच्या दारापर्यंत नेली आणि बागेतल्या फरशीवर लांब ठेवून दिली. मग आम्ही पाच जण थंडीत खिडकीशी उभे राहून तिच्याकडे बघत होतो. काहीच झालं नाही. ती नुसती तिथे पडून होती.

थोड्या वेळाने आजीने विचारलं, “अरे, ही पेटली असती तर आपण वरून उतरणार कुठून होतो?”

कुणी बोललं नाही. जिना बोळात उतरतो. बोळात बॅटरी. पुढचं दार रात्री आम्ही दुहेरी कुलूप लावून बंद करायचो, आणि किल्ली होती बाबांच्या पँटच्या खिशात, पँट वर खुर्चीवर. मग धाकट्याने वर बघितलं आणि विचारलं, “आपला धुराचा अलार्म का नाही वाजला?”

तो वाजला नसताच. त्यातला सेल आईने ऑगस्टमध्ये काढून ठेवला होता. का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या की तो किंचाळायचा. गणपतीत पंचवीस माणसं जेवायला होती, फोडणीवर फोडणी चालली होती, सेल काढला आणि परत घालायचा राहून गेला. (हे वाक्य आईने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, याची बाबांनी नोंद घ्यावी.)

दुसऱ्या दिवशी बाबांनी सायकलच्या दुकानात फोन केला. कारागिराने प्रश्न विचारले. फुगली आहे का? वास येतो का, आवाज येतो का? नाही म्हटल्यावर त्याने दोन दिवस बाहेरच, घरापासून लांब राहू द्या आणि मग सांगून घेऊन या, असं सांगितलं. हातमोज्यांची गोष्ट ऐकून मात्र तो चांगलाच बोलला. धूर किंवा सूं असा आवाज येत असता आणि तुम्ही ती घरातून नेत असता तर हातातच पेटली असती, म्हणाला. अशा वेळी बॅटरीला हात लावायचा नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं, निघताना दार ओढून घ्यायचं, ९९९ ला फोन करायचा आणि परत आत जायचं नाही. पासपोर्टसाठीसुद्धा नाही.

दुकानात त्याने दोन आकडे बाबांसमोर ठेवले. ते ताईने वहीत लिहून आणले आहेत, कारण हे सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. आमच्या बॅटरीच्या डब्यात चाळीस छोटे सेल आहेत. टॉर्चच्या पेन्सिल सेलपेक्षा जरा मोठे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चार-चारच्या दहा जुड्या एकामागून एक जोडलेल्या. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट होतो, त्यापुढे जायचं नाही. दहा गुणिले ४.२ म्हणजे ४२. म्हणून ज्या बॅटरीवर ३६ व्होल्ट लिहिलेलं असतं, तिच्या चार्जरवर ४२ हा आकडा हवा. आमच्या स्वस्त चार्जरवर बारीक अक्षरात होतं ५४.६. तो तेरा जुड्यांच्या, ४८ व्होल्टच्या बॅटरीचा होता. पिन तीच.

म्हणजे रोज रात्री आम्ही दहा जणांच्या पंगतीत तेरा जणांचं जेवण वाढत होतो. बॅटरीत एक रक्षक सर्किट असतं, ते नको तेव्हा वीज तोडतं. त्यानेच आम्हाला वाचवलं असावं, असं कारागिराचं मत. पण ते रोज धक्के खात होतं, किती दिवस टिकलं असतं कोण जाणे. सेलच्या आत जो द्रव असतो तो जळणारा असतो. एक सेल मर्यादेबाहेर तापला की स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतो, शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. तिथून पुढे बटण बंद करून उपयोग नसतो. विझली असं वाटलं तरी पुन्हा पेटते.

लंडनच्या अग्निशमन दलाने २०२३ साली ई-सायकलींच्या १४३ आणि ई-स्कूटरच्या ३६ आगी नोंदवल्या. दर दोन दिवसांना साधारण एक. तीन माणसं त्यात गेली. हे आकडे आम्ही त्या रात्रीनंतर शोधले. आधीही ते तिथेच होते.

मग घरात वाद झाला. बाबांचं म्हणणं, बॅटरी बाहेरून ठीक दिसते, मूळ कंपनीचा चार्जर आणला की झालं. कारागीर म्हणत होता, हिला परत वीज लावू नका. नव्या बॅटरीला तीनशेच्या वर पौंड लागणार होते, आणि त्याच महिन्यात भारताच्या तिकिटांचे पैसे भरले होते. ताई म्हणाली, “बाबा, तुम्ही ती लावलीत तर मी त्या रात्री मैत्रिणीकडे झोपायला जाईन. आणि आजीलाही घेऊन जाईन.” बाबा रागावले. रागावून बागेत गेले, बराच वेळ त्या बॅटरीकडे बघत उभे राहिले, आणि आत येऊन म्हणाले, “बसचा पास काढतो.” तेरा आठवडे ते बसने गेले.

पुण्याच्या काकांनी फोनवर सुचवलं की बॅटरी इकडे स्वस्त मिळेल, डिसेंबरात येताना बॅगेत घालून आणतो. चांगल्या मनाने म्हणाले. पण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही. आमची ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० ची. दुपटीहून मोठी. तुमच्याकडेही कुणी असं सुचवलं तर नाही म्हणा.

जानेवारीत नवी बॅटरी आणि त्याच कंपनीचा चार्जर आला. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेटते. ती दुकानानेच परत घेतली. आता घरात असं चालतं. बाबा साडेपाचला येतात. बॅटरी अर्धा तास नुसती निवायला ठेवतात. सहाला ती मागच्या काचेच्या खोलीत, फरशीवर, भिंतीवरच्या सॉकेटला थेट लावायची. एक्स्टेन्शन नाही, खाली गालिचा नाही, वर कपडे नाहीत, आणि मधलं दार बंद. त्या खोलीतून आम्हाला बाहेर पडावं लागत नाही, हे तिथे ठेवण्याचं कारण. आमचा चार्जर दोन अँपिअरचा आहे, रिकामी बॅटरी भरायला पाचेक तास लागतात. रोज ती रिकामी नसते, म्हणून साडेनऊ-दहापर्यंत काम होतं. हिरवा दिवा लागला की बटण बंद, पिन बाहेर. वीज म्हणाल तर पूर्ण भरायला इस्त्री वीस-बावीस मिनिटं चालवावी तेवढीच. वाचवायला रात्रीचा दर शोधण्यात अर्थ नाही.

थंडीचा एक प्रश्न राहिला होता. शून्याच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती आतून खराब होते. म्हणून कडाक्याच्या रात्री शेडमध्ये चार्जिंग नाही. बाहेरून गारठून आली असेल तर तासभर घरात राहू द्यायची. काही आठवडे वापरायची नसेल, म्हणजे भारतात जाताना, तेव्हा पूर्ण भरून ठेवायची नाही, साधारण अर्धी ठेवायची. आणि ती एकदा हातातून दगडावर पडली तर ‘काही झालं नाही’ म्हणायचं नाही, दाखवून आणायची.

स्वयंपाकघरात आता उष्णतेचा अलार्म आहे. त्याला फोडणी चालते, आग चालत नाही. बोळात आणि काचेच्या खोलीत धुराचे आहेत. दाराची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही आणि अंधारात चाचपडून सापडेल अशी. हे तर सायकल नसलेल्या घरातही करता येईल. ज्या घरांत पाच-सहा मुलं खोल्या वाटून राहतात, त्यांनी बोळात कुणाची बॅटरी लागते ते आज रात्री बघावं. आपल्या वर्गातल्या दोन घरांत आम्ही जाऊन बघितलं, त्यांच्या परवानगीनेच. एका घरात अलार्ममध्ये सेल नव्हता. फोडणीच.

आजी नोव्हेंबरात परत गेली. इथे रात्री दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेतीन असतात, म्हणून ती रात्री विचारू शकत नाही. ती आमच्या सकाळी फोन करते. आधी धाकट्याच्या खोकल्याची चौकशी, मग “काल किती वाजता काढलीत?” खोटं सांगता येऊ नये म्हणून धाकट्याने काचेच्या खोलीच्या दारावर कागद लावला आहे. लावली, काढली, सही. तिन्ही रकाने मराठीत, आकडेही देवनागरी. चौदा वर्षं पूर्ण व्हायला किती दिवस उरले तेही त्याने कोपऱ्यात लिहिलं आहे.

गेल्या गुरुवारी ‘काढली’चा रकाना कोरा होता. बाबा सोफ्यावर झोपले होते. सव्वाअकराला ताईने जाऊन काढली आणि बाबांची सही स्वतः केली. शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा बाबा अंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.